गल्लीत शिकवून दाखवणाऱ्या बाई

आमचं दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे कसबा पेठेतल्या दारापुढच्या कट्ट्यावर बसून मेथी निवडणं. मग ही गेली. तिची बाजू मी मोकळी ठेवतो.

पुढे एकदा कॉलेजची माणसं त्यांच्या मुलांना घेऊन आली. शहररचना शिकवायला प्राध्यापक नेमायचा होता, म्हणून उमेदवारांनी आमच्या गल्लीतच मुलांना शिकवून दाखवायचं होतं. पहिले दोघे माड्यांकडे हात करून भडाभडा बोलले. तिसऱ्या बाई पेनाचं टोपण चावत, लोक कुठे टेकतात ते बघत राहिल्या.

"मॅडम, वेळ चाललाय," कॉलेजचे साहेब म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "आजोबा, इथे बसू?"

"तिथं नको. बायकोची जागा आहे. वारली ती."

त्या खाली फरशीवर बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, "जागा मोकळी दिसली म्हणून लगेच नकाशात काही मांडू नका. आधी विचारा."

"छान. कळवतो," साहेब म्हणाले.

पुण्यात 'कळवतो' म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. बाईंनाही असावं, कपडे झटकून हसत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौथीनंतर पहिल्यांदाच, मी शिकायच्या जागेची, त्यांच्या कॉलेजची, पायरी चढलो. साहेबांना म्हणालो, "कालच्या बाईंनाच घ्या. त्या पुढे काय शिकवतात, ते मला ऐकायचंय."