भरली घागर आणि रस्त्याची कड

कडुनिंबाची वाळलेली डहाळी दिसली की ती घटना आजही आठवते. लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता. ठाण्याच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं होतं, तरी निम्मं टपाल अजून जुन्या मुख्यालयालाच जात होतं. त्यात पावसानं दगा दिलेला. मी चाकूरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो आणि हद्दीतल्या बऱ्याच गावांना टँकरचं पाणी होतं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. बायको म्हणते, तुम्ही भाजीवालीचाही जबाब घेता. पण या प्रकरणात सुरुवातीला मला संशय आला नाही, हे आधीच कबूल करतो.

एका सकाळी टँकर गावच्या विहिरीत रिकामा करून चालक पुढच्या खेपेसाठी निघाला होता. नांदेड रस्त्यावर एका बाईला धडक बसली. बाई तिशीतली, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. मांडीचं हाड मोडलं, तिला लातूरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. हवालदार जाऊन पंचनामा करून आला. घागर डांबरी रस्त्याच्या मधोमध, रिकामी, चेपलेली. गावातल्या पाच जणांचे जबाब. निष्कर्ष असा, की बाई पळत रस्त्यावर आली, चूक तिचीच. त्या दिवशी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. मी जागेवर न जाता कागदांवर सही केली.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर किराणा दुकान चालवणारे एक लिंगायत आप्पा परवान्याच्या कामासाठी ठाण्यात आले. काम झालं, चहा झाला. उठता उठता म्हणाले, "साहेब, एक इचारू? भरली घागर डोक्यावर घेऊन बाई पळत असती का?"

"घागर रिकामी होती, आप्पा."

"असंल," म्हणाले, "मी आपलं दुकानातून बघितलेलं बोललो." आणि निघून गेले. त्यांच्या परड्यात स्वतःचा आड होता. टँकरवाचून त्यांचं काही अडत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

मी पाचही जबाब पुन्हा काढले. पाचांत एकच वाक्य होतं, 'बाई पळत रोडवर आली.' खरं पाहिलेले पाच जण पाच तऱ्हेनं सांगतात. एकाला लुगडं हिरवं दिसतं, दुसऱ्याला निळं. इथं पाचांना एकच शब्द सुचला होता. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

दवाखान्यात गेलो. बाईच्या पायाला वजन बांधलं होतं. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "माझीच चूक हाय, साहेब. लिहून घ्या अन् मिटवा."

माझ्या नोकरीत इतक्या घाईनं गुन्हा कबूल करणारा खरा दोषी माणूस मी पाहिला नव्हता. खाटेजवळ तिची सासू बसली होती. मी तिला बाहेर नेऊन विचारलं. म्हातारी एकदम म्हणाली, "ड्रायव्हरला धरून नेलं तर टँकर बंद पडंल, असं गावानं सांगितलंय. लई दिसांनी पाणी आलंय. आमच्यामुळं बंद पडलं तर गाव आम्हाला ठिवंल का?"

सारा उलगडा त्या एका वाक्यात होता, पण तो कागदावर येत नव्हता. बाईचा पाय मोडला होता आणि वर चुकीचा ठपकाही तिच्याच नावावर बसणार होता. मला माझ्या सहीची लाज वाटली.

दोन पंच घेऊन घटनास्थळी गेलो. डांबरावर काही नव्हतं, तिथं पाणी सांडलं असतं तरी केव्हाच वाळलं असतं. पण रस्त्याच्या खाली, कडेच्या मातीत, परातीएवढा एक भाग पापुद्रे धरून तडकला होता. महिनोन् महिने पाऊस नाही, मग इथं चिखल कुठून आला? त्या पापुद्र्यात कडुनिंबाची डहाळी रुतलेली. आमच्याकडं बायका लांबून पाणी आणताना भरल्या घागरीत पाल्याची डहाळी टाकतात, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. रिकाम्या घागरीत कोणी पाला टाकत नाही. डहाळी मातीसकट उचलली, मोजमाप घेतलं, पंचांच्या सह्या घेतल्या.

ठाण्यात न जाता आधी तहसीलदारांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात दुसरा टँकर, दुसऱ्या चालकासह पोचला. मग पहिल्या चालकाला बोलावलं.

"बाई कुठून कुठं चालली होती?"

"शेतातल्या विहिरीवरून वस्तीकडं, साहेब. टँकरचं पाणी वस्तीला पुरत न्हाई."

"घागर?"

"रिकामी. म्हणून तर पळत होती."

"दुष्काळात विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत?"

मी डहाळी टेबलावर ठेवली. तिच्याकडं पाहून तो म्हणाला, "खड्डा चुकवाया गेलो, साहेब. घागर मीच उचलून मधी ठिवली."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण गावात पाणी चालू राहिलेलं दिसल्यावर पाचांपैकी तिघे आपणहून ठाण्यात आले आणि या वेळी तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितलं. आप्पांनीही जबाब दिला. बाईनं सांगितलं, "उजव्या कडंनं चालून राहिले होते. समोरचं येणारं दिसतंय म्हणून." पदपथ नसेल तिथं पादचाऱ्यानं उजव्या कडेनं, वाहनांकडे तोंड करून चालावं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिला ते सासूनं शिकवलं होतं. तिनं आपलं कर्तव्य पाळलं होतं, चुकला तो रस्ता स्वतःचा समजणारा. भारतीय दंड संहितेच्या २७९ आणि ३३८ कलमांखाली दोषारोपपत्र गेलं. माझ्याच सहीचा पंचनामा चुकीचा होता, हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं. वरिष्ठ रागावले. चालकाला शिक्षा झाली.

या प्रकरणानं मला शिकवलं, की गाव एका सुरात बोलू लागलं तर आधी गावाची भीती शोधावी. ती दूर केल्याशिवाय साक्षीदाराला खोटारडा म्हणायचा आपल्याला हक्क नाही. आणि पायी चालणाऱ्याची चूक लिहिण्याआधी आपण स्वतः तिथं पायी जाऊन यावं.

निकालानंतर ती बाई काठी टेकत ठाण्यात आली. मला वाटलं, काही तक्रार असेल. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, कागदात आता मी कुठून चालून राहिले?"

"कडेनं," मी म्हणालो. "रस्त्याच्या खालून, उजव्या कडेनं."

"मग बराबर हाय," ती म्हणाली आणि रस्त्याच्या उजव्याच कडेनं हळूहळू निघून गेली.