घासलेली काठी

मास्तर कधीकाळी शाळेत सुतारकाम शिकवत. नोकरी संपली तरी नाव चिकटून राहिलं आणि त्यांच्या बायकोलाही लोक मास्तरीणबाई म्हणत राहिले. खरं तर तिनं जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ती कपडे शिवायची.

घरामागच्या खोलीत मास्तर मासे धरायच्या जुन्या बांबूच्या काठ्या दुरुस्त करत. बांबूच्या सहा बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेल्या, शेंड्याकडे काडीसारख्या निमुळत्या झालेल्या काठ्या. गळाला पिसांची खोटी माशी बांधून ती पाण्यावर अलगद टाकायची, की मासा फसून वर येतो. त्यासाठी अशी हलकी, लवचिक काठीच लागते. लोक माळ्यावर सापडलेल्या, वाकलेल्या, पट्ट्या सुटलेल्या काठ्या घेऊन यायचे. मास्तर ऊब देऊन वाक काढायचे, पट्ट्या पुन्हा चिकटवायचे. दोरी ओवायच्या कड्या रेशमी दोऱ्यानं बांधायचं काम मात्र मास्तरीणबाईंचं. ‘‘दोरा तुझं ऐकतो. माझ्याशी नुसता भांडतो,’’ मास्तर म्हणायचे.

एरवी गरीब गाय असलेला हा माणूस एकाच गोष्टीवर भडकायचा. कुणी बांबूला पॉलिश पेपर लावला, की संपलं. ‘‘अहो, सगळा जीव वरच्या सालीत असतो! ती घासलीत की काठी नुसती शोभेची.’’

मुलगी रांगायला लागली त्या वर्षी त्यांनी बायकोसाठी एक काठी केली, तिच्या हाताच्या मापानं. दर रविवारी दोघं नदीवर जात. मासे तिलाच जास्त लागत. मास्तर रिकामी जाळी झटकत म्हणत, ‘‘नदीही तुझ्याच माहेरची दिसतेय.’’

मग मास्तर विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते. एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या तयार काठीवरचे दोऱ्याचे सगळे वेढे त्यांनी कापून टाकले आणि ‘हे कुणी अर्धवट सोडलं’ म्हणून कुरकुरत बसले. मास्तरीणबाईंनी ते गुपचूप पुन्हा बांधले. मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘आई, बाबांना त्या खोलीत एकटं सोडू नकोस.’’

‘‘अगं, त्या खोलीत असले तरच ते ते असतात,’’ त्या म्हणाल्या.

एका दुपारी त्या बाजारातून आल्या तर खोलीभर पिवळसर भुकटी उडालेली. मास्तरांच्या भुवयांवर, मांडीवर, चपलांवर. हातात पॉलिश पेपर आणि पुढ्यात बायकोसाठी केलेली ती काठी.

‘‘ये, ये! बघ कशी गुळगुळीत केलीय तुझ्यासाठी.’’

मास्तरीणबाईंनी अंगठा फिरवला. सहाही कडा गेल्या होत्या. काठी पेन्सिलीसारखी गोल झाली होती.

‘‘छान झालीय हो,’’ त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मास्तरांनी तीच काठी घेऊन नदीवर जायचा हट्टच धरला. पाण्याशी उभे राहिले आणि हातांना सगळं आठवलं. दोरी मागे गेली, पुढे आली, माशी पाण्यावर फुंकर घातल्यासारखी टेकली. मासा लागला, चांगला मोठा. मास्तर लहान मुलासारखे ओरडले, ‘‘जाळी! जाळी आण!’’ काठी वाकली, आणखी वाकली आणि मधोमध मोडली. मासा गेला.

मास्तरांनी तुटलेला भाग डोळ्यांजवळ धरला. क्षणभर ते पूर्वीचे मास्तर झाले.

‘‘ही घासलीय. कुणा गाढवानं घासली ही?’’

बोलता बोलता त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. नखांत अजून पिवळी भुकटी होती. कपाळाला आठी पडली. त्यांना कळायच्या आत मास्तरीणबाई बोलून गेल्या, ‘‘मी घासली. चमक यावी म्हणून.’’

घर येईपर्यंत मास्तर त्यांना बोलत होते. ‘‘एवढी वर्षं माझ्या शेजारी बसलीस आणि एवढं कळलं नाही तुला?’’ बोलता बोलता रडले. त्या दोन्ही तुकडे घेऊन चालत राहिल्या. सगळं विसरतात, हेही विसरतील असं त्यांना वाटलं.

ते तेवढंच विसरले नाहीत. जेवलो का, मुलगी कुठे असते, सगळं पुसलं गेलं, हे राहिलं. त्या खोलीत शिरल्या की मास्तर हातातली काठी छातीशी धरत. रेशमाच्या रिळांचा डबाही त्यांनी उचलून वरच्या फळीवर ठेवला. ‘‘तू नको हात लावूस.’’ मग त्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या, हात मांडीवर ठेवून.

‘‘आई, त्यांना खरं सांगून टाक ना,’’ मुलगी म्हणाली.

‘‘सांगते. आणि पटलं तर?’’

पुढे घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं आणि मास्तरांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. मास्तरीणबाई रोज जायच्या, केस विंचरायच्या, नखं कापायच्या. मास्तर त्यांना नर्स समजत आणि अदबीनं ‘बाई’ म्हणत.

एकदा नखं कापताना ते म्हणाले, ‘‘बाई, माझी बायको येत नाही हो हल्ली.’’

‘‘का बरं?’’

‘‘माझंच चुकलं. एक काठी बिघडवली तिनं. काठीच ती. मी फार बोललो तिला. रागावून गेली असेल.’’ ते खिडकीकडे बघत राहिले. ‘‘तुम्हाला भेटली तर सांगाल का, मी रागावलेलो नाही म्हणून?’’

‘‘सांगेन,’’ त्या म्हणाल्या. त्यांना पुढचं नख दिसेना. तरी हात न सोडता तशाच बसून राहिल्या.

त्या हिवाळ्यात मास्तर गेले. खोलीत लोकांच्या काही काठ्या अर्धवट पडल्या होत्या. मास्तरीणबाईंनी स्टुलावर चढून डबा काढला, उरलेल्या कड्या बांधल्या आणि एकेक काठी ज्याची त्याला पोचवली. शेवटच्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘आता तुम्ही घेणार का कामं?’’

‘‘नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला फक्त दोरा येतो.’’