मऊ लागलेली वायर

माझी लेक ट्रॅकवर, म्हणजे नुसत्या गाड्या पळवायला बांधलेल्या रस्त्यावर, पहिल्यांदाच मोटरसायकल घेऊन जाणार होती. संध्याकाळी गाडी टेम्पोत चढवायची होती. दुपारी ती दारात कामाला बसली. आरसे उतरवले, पुढच्या दिव्याची वायर सोडवली आणि काचेवर चिकटपट्ट्या लावल्या.

"अगं, दिवा का आंधळा करतीस?"

"पडले तर काच रस्त्यावर सांडू नये. आणि वायर जोडलेली राहिली तर दिवा तापून पट्टी वितळंल."

"आन् आरशाबिगर मागचं कसं दिसणार?"

"तिथं मागच्यानं सांभाळायचं. मी पुढं बघायचं."

"लई सोपं हाय की!"

ती हसली. पण गाडी चालू करून हँडल डावीकडं वळवलं, तर इंजिन बंद. सरळ केलं की चालू, वळवलं की परत बंद.

"तपासणीत अशी बंद पडली तर आत सोडणार न्हाईत, आई."

तिचा गाडीचा मिस्त्री लग्नाला मोहोळला गेलेला. तिनं टाकी उतरवली. खालच्या वायरी बघून मी उभीच राहिले. हिरवीवर लाल रेघ, काळीवर पांढरी, पिवळीवर निळी. एवढ्या सगळ्या कुणीतरी बसून ठरवल्या असतील, आणि प्रत्येकीला आपली जागा. आमच्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पोटात हे होतं.

मी टॉवेलच्या कारखान्यात कांड्यांवर धागा भरते. मशीनवर धागा बोटांतून सरकत असतो. कुठं बारीक झाला की तुटायच्या आधी कळतं.

"मी हात लावून बघू?"

"आई, त्या कांड्या न्हाईत."

"दिसतंय मला."

डोळे मिटून एकेक वायर चिमटीतून सरकवली. हँडलच्या वळणाशी काळी-पांढरी एकदम मऊ लागली. वरून अखंड, आत हाडच नाही.

"हितं बघ."

तिनं वरचं प्लास्टिक सोललं. आत तांबं तुटलेलं. ती वायरीकडं बघायचं सोडून माझ्या बोटांकडंच बघत राहिली. मग जोडली, गुंडाळली. हँडल डावीकडं, उजवीकडं. इंजिन चालूच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज. ती ओरडत होती, "तीनदा हँडल वळवून बघितलं त्यांनी! मी आत चालले, आई!"

शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाय," म्हणाले, आणि कांडी परत मशीनवर चढवली. धागा मात्र दोनदा सुटला.