अरुंद पात

पेणला तळ्याकाठी रोज सकाळी फिरणाऱ्यांची एक फौज असते. निवृत्त मास्तर, बँकवाले, बहुतेक सगळे छातीची काही ना काही दुरुस्ती करून घेतलेले. माझ्याही छातीत दोन स्टेंट आहेत, म्हणून मीही त्या फौजेत भरती झालो. हात जोरजोरात हलवत चालायचं आणि मग बाकावर बसून कुणाचं कोलेस्टेरॉल किती ते ऐकायचं. त्या बाकाचा मला मनापासून तिटकारा आहे. गेलेल्या माणसाची चौकशीसुद्धा तिथे रिपोर्ट वाचावा तशी होते: कितवा अटॅक, कुठे नेलं, वाटेतच गेला की पोचल्यावर.

म्हणून दिवाळीच्या सुमारास वहिनीचा फोन आला, "भावजी, भात पिकलाय," की मी पिशवी भरतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून रोह्याजवळच्या आमच्या गावातलं शेत तीच बघते. माझी बायको दरवर्षी मला दारात अडवते. "तिकडे काही झालं तर रोह्याच्या दवाखान्यापर्यंत टिकाल का?" तिचं काही चूक नाही. वडखळला ट्रेलरांच्या रांगेत एसटी अडकून पडते तेव्हा माझ्याही मनात तेच येतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि वाकून जड काम करू नका असंही सांगितलंय. मी पहिलं लक्षात ठेवलं, दुसरं सोयीने विसरलो.

कापणीची आमच्याकडे एक रीत आहे. सगळ्यांनी एका रांगेत वाकायचं आणि ज्याने त्याने आपल्यासमोरचा पट्टा कापत पुढे जायचं. या पट्ट्याला पात म्हणतात. कुणी मागे राहायचं नाही, बांधाला सगळ्यांनी बरोबर पोचायचं. त्यामुळे एखादा दमला की दोन्ही बाजूचे न बोलता आपापली पात रुंद करतात आणि त्याची अरुंद होत जाते. त्याला कुणी 'बस' म्हणत नाही. मग एखाद्या वर्षी त्याला पातच उरत नाही आणि तो ऐनाच्या झाडाखाली बसून पेंढ्या बांधायला लागतो. भावाचं असंच झालं. त्यालाही हृदयाचंच दुखणं होतं. त्या वर्षी तो ऐनाखाली बसला आणि भात झोडून घरात यायच्या आत गेला. तेव्हापासून मी त्या झाडाला भितो. सांगायला लाज वाटते, पण मरणापेक्षा त्या सावलीला जास्त भितो.

गेल्या कापणीला रांगेत आम्ही पाचच जण होतो. गावची पोरं डोलवीला कंपनीत, शिफ्ट सोडून भात कापायला कोण येणार? जे उरले ते सगळे साठीच्या पुढचे. माझ्या डावीकडे वहिनी, उजवीकडे शेजारचा म्हातारा, त्याच्या पलीकडे गावातल्याच दोघी. पहिलं शेत मी जोरात कापलं. दुसऱ्यात छातीवर कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं झालं. गोळी जिभेखाली ठेवली, डोळे मिटले आणि विळा टेकवून बसून राहिलो. दाब ओसरला तेव्हा उठून समोर पाहिलं, तर माझ्यापुढे जेमतेम हातभर रुंदीचं भात उभं होतं. बाजूचं सगळं कापलेलं.

माझं डोकंच फिरलं. "माझी पात कुणी घेतली?" मास्तर असताना वर्गावर ओरडायचो तसाच ओरडलो. सगळ्यांचे विळे चालूच राहिले.

"वहिनी, मला झाडाखाली बसवायचंय का? तसं सांगा. मग पेणचा बाक काय वाईट आहे!"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ निळसर पडले होते. पदराने तोंड पुसतानाही तिला धाप लागत होती. माझ्या वाटणीचं कापता कापता तिची स्वतःची पात मागे राहिली होती. ती रांगेच्या टोकाला होती, तिच्या पलीकडे हात लावायला कुणी नव्हतं.

"माझं तुम्ही कापताय. तुमचं कोण कापणार?"

"माझा कापाया कोन नाय," ती म्हणाली. "कोन ऱ्हायलाय आता?"

"मग मला कशाला बोलावता दरवर्षी? माझा काय उपयोग?"

"कापाया नाय बोलवत तुमाला, भावजी." श्वास जुळेपर्यंत ती थांबली. "बाजूला कोन वाकलेला असला म्हंजे मी बी वाकते. नायतर मी कवाच झाडाखाली बसले असते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला वाटायचं, मी माझ्या जिवासाठी इथे येतो.

मी डावीकडे सरकलो आणि तिच्या पातीतलं भात मुठीत धरलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. आम्हा दोघांची मिळून एका धडधाकट माणसाइतकीही ताकद नव्हती. पुढच्या कापणीला आमच्यातलं एकच असेल, किंवा एकही नसेल, हे मला त्या उन्हात स्पष्ट दिसलं. तिलाही ते दिसत होतं, माझ्या आधीपासून. मला भीती वाटली, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. ती वाकली, म्हणून मी वाकलो.