आलोशियस डाबरे नुसते फिरतात

आमच्या होळी गावात त्या काळी माणसं पुष्कळ चालायची, पण फिरायचं कुणी नाही. चालायला कारण लागायचं. पाण्याची पाळी असली की केळीच्या वाडीत, चर्चची घंटा झाली की मिस्साला, भाजीची टोपली भरली की बाजारात, आणि कुणी वारलं की त्याच्या मागोमाग कबरस्थानापर्यंत. यातलं एकही कारण नसताना जो माणूस सकाळी घराबाहेर पडतो आणि रिकाम्या हाताने परत येतो, त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं गाव धरून चालायचं.

आलोशियस डाबरे निवृत्त झाले आणि नेमकं हेच करायला लागले.

सगळी नोकरी त्यांनी मुंबईच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून केली होती. मोठ्या तिरक्या टेबलावर वाकायचं आणि दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा मारायच्या. घर सोडायचं अंधारात, परत यायचं अंधारात. रविवारी मिस्सा, मटण आणि झोप. आपल्या गावात मंगळवारी सकाळी ऊन कसं पडतं हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते निवृत्तीनंतर. तेवढ्यात वसईच्या डॉक्टरांनी रक्तात साखर आहे म्हणून सांगितलं. गोळ्या नंतर बघू, आधी चाला, ऊन चढायच्या आत चाला.

पहिल्याच आठवड्यात पास्कलने स्कूटर थांबवली. पास्कल दुधाचा धंदा करायचा आणि दिसेल त्याला मागे बसवायचा.

"बसा, सोडतो."

"कुठे सोडणार?"

"तुम्हाला जायचंय तिथे."

"मला कुठेच जायचं नाही."

पास्कलने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तो गेला. दूध संपेपर्यंत घरोघर बातमी पोचली होती की आलोशियसदादा आणि अँजेलिनाबाय यांचं बोलणं बंद आहे.

अँजेलिना त्यांची बायको. तिला विहिरीवर दोघीतिघींनी फार मायेने विचारलं की सगळं ठीक आहे ना. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याच्या हातात एक कापडी पिशवी दिली. "ही घेऊन जा. निदान कोथिंबीर आणायला निघालात असं तरी वाटेल."

आलोशियसनी पिशवी घेतली. हातात पिशवी दिसल्यावर गावाचा जीव भांड्यात पडला, आणि गावाने त्यांना कामं सांगायला सुरुवात केली. निघालाच आहात तर हा कोयता लोहाराकडे टाका. बाजारावरून जाताच आहात तर माझ्या मेहुण्याला सांगा की म्हैस व्याली. महिनाभरात त्यांची साखर उतरली की नाही कोण जाणे, गावाची अडलेली कामं मात्र बरीच उरकली.

मग एप्रिलमध्ये कुत्रा भेटला. गिरीजच्या डोंगरीवर करवंदं पिकायला लागली होती. आलोशियस जाळीत हात घालून करवंदं काढत होते आणि मागे एक फिकट तांबडा, एक कान पडलेला कुत्रा बसून त्यांचं काम तपासत होता. नाकाखाली काळे पट्टे असे की मिशाच वाटाव्यात. ते उतरले तसा तोही उतरला, आणि गावापर्यंत मागे मागे आला. आलोशियसनी त्याचं नाव मेजर ठेवलं.

त्यांना वाटलं, आता प्रश्न सुटला. कुणी विचारलं तर सांगता येईल, कुत्र्याला फिरवतो. पहिल्यांदा विचारलं ते शेजारच्या कॉन्रॅडने. कॉन्रॅड रुमाव हा पानवेलीची मोठी वाडी असलेला माणूस, गावातल्या प्रत्येक कमिटीत असायचा.

"कुत्र्याला फिरवतोस? तो स्वतः फिरत नाही?"

आमच्याकडे कुत्रा अंगणात राहतो, शिळी भाकरी खातो आणि त्याला कुठे जावंसं वाटलं तर विचारत नाही. त्याला सोबत करायला माणूस लागतो ही गोष्ट गावाला नुसत्या फिरण्यापेक्षाही चमत्कारिक वाटली.

पण आलोशियसनी फिरणं सोडलं नाही, कारण एव्हाना साखरेशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. त्यांना ते आवडायला लागलं होतं. ते मोठे डोंगर चढणारे नव्हते. उजाडताना निघायचं आणि ऊन टोचायला लागलं की परत, एवढीच त्यांची मजल. एक दिवस गिरीजची डोंगरी, एक दिवस भुईगावचा किनारा, रविवारी मिस्सा झाल्यावर उमेळ्याच्या पुढे मिठागरांच्या बांधावरून. सावरीची बोंडं फुटून कापूस वाटेवर उडायचा. कुठेतरी तांबट पक्षी हातोडी मारल्यासारखा ठोकत बसलेला असायचा. मेजर पुढे धावायचा, एखाद्या बिळाशी थांबायचा, विचारात पडायचा, परत यायचा. भुईगावला तो प्रत्येक खेकड्याच्या मागे लागायचा आणि एकही पकडायचा नाही. आलोशियस सुरूच्या सावलीत बसून हे बघायचे. आयुष्यभर त्यांनी सरळ रेघा मारल्या होत्या, आणि हा प्राणी एकही रेघ सरळ चालत नव्हता. त्यांना त्याचं फार कौतुक वाटायचं.

मस्कतला असलेला पुतण्या हिलरी सुट्टीवर आला तेव्हा काकांसाठी दुर्बीण आणि कापडी टोपी घेऊन आला. इथून सगळं बिघडलं.

ते साल शहाऐंशी असावं. वाड्यांवर बांधकामाला बंदी असलेला ग्रीन झोन उठणार अशी बोलवा होती. उठला की कुणाचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याला खात्रीने सांगत होता. अशा दिवसांत एका रविवारी जूचंद्रचे काळूराम भोईर मिठागरावर मीठ ओढत होते. त्यांना बांधापलीकडे टोपी दिसली. टोपीखाली दुर्बीण. आणि मग हाक ऐकू आली, "मेजर! अरे मेजर, इकडे ये. त्या टोकापर्यंत जाऊ नकोस."

बांधाच्या खाली असलेला कुत्रा काळूरामना दिसला नाही. त्यांनी फावडं ठेवलं आणि ते जवळ आले.

"सायेब, मिलिटरीला जागा पायजे का?"

"नाही हो. मी नुसता फिरतोय. पक्षी बघतोय."

"ही दुर्बीन पक्षी बघायला?"

"हो."

काळूराम हसले. ते साधे नव्हते. इतकी वर्षं खाडीकाठी काढली होती, आणि एकाही धडधाकट माणसाला त्यांनी उन्हात उभं राहून पक्षी बघताना पाहिलं नव्हतं. "नका सांगू सायेब," ते म्हणाले. "पन आमच्या जागेत पानी भरत नाय, येवढं लक्षात ठेवा."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट उमेळ्याला आली, दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसून आगाशीच्या बाजारात गेली. तिथे ती शत्रुघ्न वर्तकला भेटली. शत्रुघ्न जमिनीची दलाली करायचा. त्याआधी तो छत्र्या दुरुस्त करायचा, पण ते कुणी आठवण करून दिलेलं त्याला आवडायचं नाही. आगाशीत पोचेपर्यंत गोष्टीत एक मेजर, दोन इंजिनियर आणि एक परदेशी कंपनी आली होती.

शत्रुघ्न आलोशियसच्या घरी आला आणि खुर्चीच्या कडेला बसला.

"दादा, कोणासाठी बघताय तेवढं सांगा."

"कोणासाठी नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

शत्रुघ्नने मान डोलावली. धंद्यात पडल्यापासून इतकं घट्ट तोंड त्याने पाहिलं नव्हतं. या माणसामागे कुणीतरी फार मोठा असला पाहिजे असं त्याचं मत झालं, आणि ते त्याने पाचजणांना विश्वासात घेऊन सांगितलं.

त्या उन्हाळ्यात आलोशियसना फिरणं अशक्य झालं. जिथून जातील तिथे फाटक उघडायचं. "आत तर या, विहीर बघा." "आमच्या बाजूने रस्ता रुंद आहे." ते झाडावरचा हळद्या पक्षी बघायला थांबले की झाडाचा मालक शर्ट चढवून बाहेर यायचा. मेजर एकदा निर्मळच्या बाजूला कुणाच्या आंब्याखाली जीभ काढून बसला, तर त्या जागेचा भाव वाढला म्हणे. मग लोकांनी मेजरला बसवायचाच प्रयत्न सुरू केला. कुंपणाशी मांदेलीची डोकी ठेवली जायला लागली, कुणी ग्लुकोजची बिस्किटं टाकायचं. मेजर सगळीकडे बसला. पावसाळ्याच्या तोंडावर तो इतका लठ्ठ झाला की गिरीजच्या डोंगरीच्या पायथ्याशीच आडवा व्हायचा आणि आलोशियसकडे बघायचा, की वर नवीन काय आहे.

दुसऱ्या बाजूला वाडी बचाव मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष अर्थातच कॉन्रॅड. शाळेच्या मैदानावर सभा झाली आणि त्यात कॉन्रॅड बोलला. आपल्याच काही माणसांनी परक्यांसाठी जमिनी हेरायचं काम पत्करलंय, तेही कुत्र्याच्या आडून, असं म्हणून त्याने थांबून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी वळून आलोशियसकडे पाहिलं. अँजेलिना तिथून उठून घरी आली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं.

"एवढी वर्षं ऑफिसला गेलात, कुणाला त्रास नव्हता," ती म्हणाली.

"तेव्हा मी खरंच इमारतींची कामं करत होतो," आलोशियस म्हणाले.

सभेनंतर दोन दिवसांनी कॉन्रॅडने त्यांना आपल्या वाडीत बोलावलं. शहाळी काढून ठेवली होती. पानवेलींच्या सावलीत बाकावर शत्रुघ्नही बसला होता, आणि आपण इथे नाही आहोत असा चेहरा त्याने केला होता.

"सभेचं मनावर घेऊ नकोस," कॉन्रॅड म्हणाला. "ते मंडळाचं बोलणं. आता घरचं बोलू. ही सगळी वाडी, त्या विहिरीपर्यंत. तुझ्या माणसाला चालेल का?"

आलोशियसनी शहाळं खाली ठेवलं. ते भांडखोर नव्हते. ऑफिसात साहेबाने चुकीची भिंत काढायला सांगितली तर तीही ते काढून द्यायचे. पण त्या सकाळी ते डोंगरीवर जायला निघाले होते आणि वाटेत चार फाटकांनी त्यांना अडवलं होतं. ऊन चढून गेलं होतं.

"चालेल," ते म्हणाले. "घेतो."

शत्रुघ्न पुढे सरकला.

"पण अटी आहेत. एकही झाड तोडायचं नाही. विहीर आहे तशी राहील. कुंपण नको. वाडी कॉन्रॅडनेच करायची."

"आणि बांधणार काय?" शत्रुघ्नने विचारलं.

"काही नाही. सकाळी मी आणि मेजर इथून जाऊ. नुसते."

कॉन्रॅडला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे पैसे देऊन जमीन घ्यायची आणि ती अशीच ठेवायची?"

"पैसे कशाला? तू विकूच नकोस. म्हणजे ती अशीच राहील, आणि मला घ्यावीही लागणार नाही."

पहिला उठला तो शत्रुघ्न. वाडीच्या तोंडाशी त्याने कॉन्रॅडला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "यांच्या डोक्याला ऊन लागलंय. इतके दिवस उन्हातान्हात फिरतात ना."

ही बातमी मात्र खरी म्हणून लगेच पटली. आलोशियसदादांना ऊन लागलंय, हे ऐकल्यावर गावाला मागचं सगळंच उलगडलं. पिशवी, टोपी, कुत्र्याशी बोलणं, कुठेच जायचं नाही असं सांगणं. लोकांना आपण इतके दिवस फाटकं उघडली याची लाज वाटली, आणि फाटकं बंद झाली. मांदेलीची डोकी थांबली. मेजर आठवडाभर कुंपणाकुंपणाशी जाऊन चौकशी करून आला, मग पुन्हा बारीक व्हायला लागला.

आलोशियस कधी नव्हे इतके सुखी झाले. शहाण्या माणसाला कारण विचारतात, ऊन लागलेल्याला कुणी काही विचारत नाही. ते दुर्बीण लावून खुशाल बांधावर उभे राहायचे, काळूराम लांबून हात करायचे. अँजेलिनाला आधी वाईट वाटलं. मग विहिरीवरच्या बाया तिला फणसाचे गरे, ताडगोळे आणून द्यायला लागल्या, बिचारी कसं निभावत असेल म्हणून. तिने ते नाकारले नाहीत. पुढे पुढे तीही कधी कधी भुईगावपर्यंत त्यांच्याबरोबर जायची आणि वाळूत बसून वाटाणे खायची.

खरे घेणारे आले ते दोन-अडीच वर्षांनी. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, टोपी नव्हती, कुत्रा तर नव्हताच. ते पांढऱ्या गाडीतून यायचे, काचा वर असायच्या, आणि खाली उतरायचे नाहीत. म्हणून त्यांचा कुणाला संशय आला नाही. जमिनीला पाय न लावता जमीन घेता येते, हे आम्हाला कागद झाल्यावर समजलं. वाडी बचाव मंडळाची शेवटची सभा झाली तिचा खर्च गाडीवाल्यांनीच केला. कॉन्रॅडने अर्धी वाडी विकली आणि मागे वऱ्हांड्यात आरामखुर्ची टाकली. पानं खुडणं गेलं, पाणी धरणं गेलं. वर्षभरात त्याला डॉक्टरांनी रक्तात साखर आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी तो आलोशियसच्या अंगणात उभा होता. पायात कोरे पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि चेहरा पडलेला होता.

"मी आलो तर चालेल?"

"चल की," आलोशियस म्हणाले.

गिरीजच्या वाटेला लागेपर्यंत तो तीनदा थांबला. मेजर म्हातारा झाला होता, त्यामुळे दोघांचं बरं जमलं. डोंगरीखाली आलोशियसनी त्याच्या दंडाला हात लावला आणि समोरच्या केळीच्या वाडीकडे बोट केलं. तिथे एका उंबरावर हळद्या बसला होता, पिवळाधमक.

कॉन्रॅडने डोळे बारीक करून बघितलं. "दिसला. कोणाच्या प्लॉटवर बसलाय?"

"फ्रेडरिकच्या."

"फ्रेडरिकने तर विकली ना ती जागा?"

"पक्ष्याला कळवलं नसेल अजून," आलोशियस म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.