वरच्या खोलीतल्या मिस

मारुंजीत जयसिंगच्या खोल्या कुठे म्हटलं, की कोणीही पत्ता सांगतो. शेती सुटली, शेताच्या जागी भाड्याच्या दोन मजली खोल्यांची रांग उभी राहिली, आणि तेव्हापासून गड्याची ठाम समजूत झाली, की कुठलंही अडलेलं काम एक खोली दिली की मार्गी लागतं. वायरमनला खोली दिली, लाइट जायची थांबली. टँकरवाल्याच्या मेव्हण्याला दिली, उन्हाळाभर पाणी आलं. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार? त्याची बायको रेश्मा तर नाहीच. तिच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता.

घोर लेकीचा. अनुष्का पाचवीत, एकुलती एक, अभ्यासात बरी. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेची बस दारात आली, की पोरीच्या पोटात कळ यायची. का, ते तिलाच सांगता येत नव्हतं. रेश्माला आधी वाटलं, नाटकं. दोन धपाटेही घातले. मग एका सकाळी पोरगी बसच्या पायरीवरच ओकली आणि अंगभर थरथरायला लागली. त्यानंतर रेश्माने तिच्यावर हात उचलला नाही. दृष्ट काढून झाली, सोनोग्राफी करून झाली. शेवटी बावधनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात काही नाही. शाळेची भीती बसली आहे. ढकलू नका तिला. वर्षभर घरी शिकवा, परीक्षा बाहेरून देता येते. आधी तिला कुठेतरी सुरक्षित वाटू दे."

रेश्मा बारावी झालेली. घरी शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून हाताशी होतं त्यापासून तिने सुरुवात केली. प्रत्येक खोलीचे विजेचे सबमीटर वाचायला लेकीला बरोबर घेतलं. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, वजाबाकी तोंडी. भाडेकरूंना गाव विचारायचं आणि मोबाइलवर नकाशात शोधायचं. कोणी ओडिशाचं, कोणी बिहारचं. आसामची एक बाई तर आपलं गाव बघून रडलीच. पोरगी पुन्हा धड जेवायला लागली, गच्चीवर एकटीच गाणी म्हणायला लागली. रेश्माच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. भावकीतल्या बायका नळावर विचारायच्या, "पोरगी घरी का गं?" मग तिच्या मनात यायचं, आपण आपल्याच हाताने लेकीचं वाटोळं तर करत नाही ना?

जयसिंगलाही तेच वाटत होतं. फक्त त्याच्याकडे उपाय होता.

एका रविवारी दारात टेम्पो लागला. गच्चीलगतची खोली त्याने परस्पर देऊन टाकली होती. कोणाला? तर अनुष्काच्या वर्गशिक्षिकेला, सोनिया मिसना.

"येड लागलंय का तुमाला?" रेश्माने विचारलं.

"अगं, येता-जाता बाई दिसत्याल, वळख व्हईल. मग भ्या कसलं? पोरगी आपसूक शाळंत जाती का न्हाई बघ."

मिस बिचाऱ्या वाईट नव्हत्या. उलट फारच चांगल्या. जाता-येता तळमजल्यावर यांच्या खिडकीशी थांबून हसून विचारायच्या, "अनुष्का, सोमवारी येणार ना बेटा?" त्यांच्या चपला जिन्यावर वाजल्या, की पोरगी बोलता बोलता गप्प व्हायची. तिची गच्ची सुटली. मीटर वाचणं सुटलं. घरचा संडास बाहेर, जिन्याखाली, तिथे मिस भेटतील म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं. मग तापाने फणफणली, लघवीला जळजळतं म्हणून रडायला लागली, तेव्हा कुठे रेश्माला उलगडा झाला. पोरीला सुरक्षित वाटावं असं एकच ठिकाण होतं, आणि नवऱ्याने ते भाड्याने दिलं होतं.

"दिल्याली खोली परत मागायची?" जयसिंग तडकला. "लोकं त्वांडात शेण घालत्याल."

"घालू द्या. पोट माझ्या पोरीचं दुखतंय, लोकांचं न्हाई."

ती तशीच वर गेली. मिस भाजी निवडत बसल्या होत्या.

"मिस, राग मानू नगा. तुमचं काय बी चुकलं न्हाई. पन खोली सोडा. माझ्या पोरीला घर ऱ्हायलं न्हाई."

मिसचा चेहरा पडला. "ताई, मला वाटलं होतं, हळूहळू तिला माझी सवय होईल."

"न्हाई व्हत."

महिना संपायच्या आत त्या गेल्या. जाताना अनुष्काला भेटायला थांबल्या नाहीत. तेवढं त्यांना कळलं होतं.

जयसिंगने मात्र बायकोशी अबोला धरला. तो मोडला तो एवढंच बोलून, "आता तूच शाळा. पोरगी नापास झाली तर माझ्याकडं यायचं न्हाई."

हे रेश्माच्या मनाला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने स्वयंपाक लवकर उरकला, लेकीला समोर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. भागाकार काढला. अनुष्काचा एकदा चुकला. पुन्हा चुकला. रेश्माला नळावरच्या बायका दिसायला लागल्या, निकाल दिसायला लागला, नवऱ्याचं तोंड दिसायला लागलं.

"कितींदा सांगायचं? लक्ष कुटं हाय तुजं? बोल पटकन!"

अनुष्काचा हात हळूच पोटाकडे गेला. ती रडली नाही. तिने दाराकडे पाहिलं, मग आईकडे.

"मम्मी," ती म्हणाली, "आता मी कुटं जाऊ?"

इतके दिवस रेश्मा नवऱ्यावर चिडत होती, लोकांना भीत होती. आज तिला स्वतःचीच भीती वाटली. ती उठली, खोली लेकीसाठी मोकळी केली, आणि आपण बाहेर जाऊन बसली.