गणपतीतली रजा

ती बाई पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आली, तो दिवस माझ्या मनातून जात नाही. नोकरीत कितीतरी गुन्हे पाहिले आणि विसरलो. हा विसरायचा नाही, कारण ह्यात मला मनापासून मजा आली.

बाई पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या. साधी सुती साडी, बोलणे चारचौघींसारखे. समाजाने बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. यजमान जवळच्याच एका पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात पंपचालक होते. निवृत्तीच्या तोंडावर वारले. शिल्लक अर्जित रजेचे पैसे अशा वेळी वारसाला मिळतात, त्याला रजा रोखीकरण म्हणतात. पण आस्थापना विभागातल्या कारकुनाने ह्यांना सुनावले, "रजा शिल्लकच नाही. तुमचे यजमान सारखे आजारी म्हणून घरी बसायचे."

"पैशाचं नंतर बघू, साहेब," बाई म्हणाल्या. "मुलगा परदेशात बोलावतोय. पण माझ्या माणसाला कामचुकार म्हटलंय. ते पुसल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

ठाणे अंमलदार त्यांना "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" म्हणून वाटेला लावणार होता. मी अर्ज ठेवून घेतला.

त्याच आठवड्यात सुकापूरच्या एका व्हॉल्व्हमनने मला बाजारात गाठले. मयताबरोबर काम केलेला माणूस. हळूच म्हणाला, "साहेब, त्यो कारकून आता आता बदलून आलाय. फाइल सरकवायला हिस्सा मागतो. वहिनींनी दिला नाय, म्हनून अडवलंय."

"लेखी देशील?"

"नाय साहेब. आमची बी रजा खाईल त्यो."

खबर अशीच असते. कानाला मिळते, जबाबात येत नाही.

मी पालिकेकडून मयताचे रजेचे अर्ज मागवले. अगदी नीटनेटके होते: आद्याक्षरांची सही, आजारपणाचे कारण, मंजुरीचा शिक्का. जुनी हजेरीपत्रके मात्र "आढळून येत नाहीत" असे उत्तर आले. अर्ज चाळताना लक्षात आले, की दरवर्षीची रजा गणपतीतच सुरू होत होती. मी गालातल्या गालात हसलो आणि कारकुनाला चौकशीला बोलावले. बाईंनाही बोलावून शेजारच्या खोलीत बसवले.

कारकून इस्त्रीच्या कपड्यातला, रजेचे नियम तोंडपाठ असलेला. अशा माणसाला गुन्ह्याबद्दल विचारले की तो सावध होतो. म्हणून मी फाइल मिटली, चहा मागवला आणि गप्पांना बसलो.

"ओळख होती का हो तुमची त्यांच्याशी?"

"चांगली ओळख, साहेब. मी आलो तेव्हा होते ना ते."

"मग दरवर्षी गणपतीतच कसे आजारी पडायचे?"

तो हसला. "कसलं आजारपण, साहेब! कोकणी माणूस. गणपतीत घरी थांबणारच. सगळेच करतात."

"तुम्ही गेला होता त्यांच्याकडे?"

"गेलोय की. आरतीला उभा होतो. वहिनींनी स्वतः मोदक वाढले."

मी दार उघडून बाईंना आत बोलावले. "ह्यांना गणपतीत मोदक वाढल्याचं आठवतं का?"

बाई म्हणाल्या, "आमच्या घरी कुठला गणपती, साहेब? आम्ही ज्यू. आणि गणपतीत तर हे पंपावरच असायचे. बाकीच्यांना घरी सण करता यावा म्हणून ह्यांनी कधी रजा घेतली नाही."

बेने इस्रायलींची आडनावेही गावावरून 'कर' अशीच असतात. नावाची नुसती आद्याक्षरे आणि शेवटी 'कर' पाहून ह्या गृहस्थाने त्यांच्या घरी परस्पर गणपती बसवला होता. सेवापुस्तकात धर्म लिहिलेला असतो, पण ते पान उघडायची तसदी कोण घेणार? हस्ताक्षराचे नमुने द्यायला बसवले, तेव्हा त्याने सगळे ओकून टाकले: अर्ज त्याच्याच हातचे, हजेरीपत्रकेही त्यानेच दडवलेली. त्याचा चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हमन आपला अख्खा विभाग घेऊन ठाण्यात हजर! "लिवा साहेब. गनपतीत आमी घरी नाचायचो, ते एकटे पंप सांभाळायचे. आता घाबरायचं नाय." जबाब लिहून लिहून हवालदाराचा हात भरून आला. मला मात्र त्या दिवशी भलताच आनंद झाला होता.

बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला, कारकून निलंबित झाला. बाईंना पूर्ण रक्कम मिळाली. शिवाय, यजमानांची सेवा निष्कलंक होती, असे पालिकेने लेखी दिले. ते पत्र त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले.

ह्या प्रकरणाने मला एक शिकवले. खोटे बोलणारा फार लांब जात नाही. आपल्या घरात जे चालते तेच जगाच्या घरात चालते, असे तो धरून चालतो. म्हणून चौकशीत मी पुढे नेहमी घरचे विचारत गेलो.

मुलाकडे जाण्याआधी बाईंनी मला घरी बोलावले. गणपतीचेच दिवस होते. टेबलावर डबेच डबे. "पंपावरच्या लोकांकडून दरवर्षी येतात," त्या म्हणाल्या. "आम्हाला नैवेद्याचं चालत नाही, हे ठाऊक आहे त्यांना. म्हणून नैवेद्य दाखवायच्या आधीच आमचे बाजूला काढतात."

आणि त्यांनी स्वतः मला मोदक वाढले.